शाळेनं ‘नाही’ म्हटलं तर ते ‘नाही’ लिहून मागा

या महिन्यात पत्रं वेगळीच आलीत. एरवी या दिवसांत फी वाढली, पुस्तकं बाहेरून घ्यायला लावतेत, रिक्षावाले काका मुलं कोंबतेत असले प्रश्न असतात, पण यावेळी निम्म्याहून जास्त पत्रं ज्यांच्या लेकरांना शाळेत जरा वेगळी मदत लागते त्या घरांतनं आलीत. म्हणून हा अख्खा अंक त्यांच्यासाठी ठेवला. आधीच सांगते, मी वकील नाही की डॉक्टर नाही. अशा आईबापांबरोबर शाळेत, सिव्हिलमध्ये, झेडपीत जाऊन बाजूच्या खुर्चीत बसणारी आणि कोण काय बोललं ते वहीत लिहून घेणारी बाई आहे. तेवढ्यानंसुद्धा समोरच्याची भाषा बदलते हे मात्र बघितलंय.

ताई नमस्कार. मुलगा दुसरीत आहे, त्याला ऑटिझम आहे, ६० टक्क्यांचा सिव्हिलचा दाखला आहे. मी विड्या वळते, हे टॉवेलच्या कारखान्यात आहेत. आरटीईमधून इंग्लिश मीडियमला नंबर लागला होता. आता बाईंनी बोलावून सांगितलं की तो वर्गात उठून फिरतो, कानावर हात ठेवून ओरडतो, बाकीचे पालक तक्रार करायलेत, तर तुमच्या खर्चानं शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसणारी बाई, ठेवा नाहीतर दिवाळीच्या आत टीसी घेऊन जावा. टीसीच्या अर्जाचा छापील कागद पण दिलाय, फक्त सही करायची बाकी आहे. काय करू?
– एक आई, रे नगर, कुंभारी

सही केली नाहीत ना, मग निम्मं काम झालं म्हणा.

त्या कागदात काय गोम आहे ते आधी बघा. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात, म्हणजे आरटीईत, पहिली ते आठवीच्या कुठल्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. हे शाळेला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहितीये. म्हणून शाळा काढत नाही, आईबापाकडूनच अर्ज लिहून घेते, त्यात कारण ‘घरगुती अडचण’ असं असतं, आणि उद्या तुम्ही साहेबांकडे गेलात की शाळा तोच कागद पुढे सरकवते, बघा यांनीच मागितला दाखला. मग बसा सिद्ध करत. तेव्हा तो कागद परत देऊ नका, फाडू पण नका, घरी फाइलला लावा.

दुसरं, तुम्हाला जे सांगितलं ते सगळं तोंडी सांगितलंय. तोंडी गोष्टीवर अपील होत नाही, कारण अपील कशावर करायचं तेच हातात नसतं. म्हणून त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या नावानं साधं पत्र द्या, मराठीत, हातानं लिहिलं तरी चालतं, फार लांब नको:

‘दि. अमुक रोजी मला तोंडी सांगण्यात आले की माझ्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला न्यावा. मी दाखला मागितलेला नाही. ही शाळेची सूचना असल्यास कारणासह लेखी द्यावी. तसेच माझ्या मुलाला वर्गात कोणती मदत देता येईल हे ठरवण्यासाठी बैठक घ्यावी व बैठकीस तालुक्याच्या गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना बोलवावे.’

दोन प्रती काढा, एक त्यांना द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख, सही घ्या. ऑफिसातली क्लार्क म्हणेल ठेवून जा, बघतो, तर ठेवून येऊ नका. पोच देईनातच तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. हे पत्र गेल्यावर काय होतं माहितीये का, बऱ्याच शाळा लेखी काहीच देत नाहीत आणि टीसीचा विषय आपोआप थंड पडतो, कारण जे बोललं ते लिहायची हिंमत नसते.

आता बैठक. इथं आईबाप एक गोष्ट करतात, तासभर मुलाचं सगळं सांगतात, रडतात, बाई पण हळव्या होतात, चहा होतो, आणि शेवटी वहीत लिहिलं जातं ‘विद्यार्थ्याकडे वैयक्तिक लक्ष दिले जाईल’. या वाक्याला काही अर्थ नाही. कोण देईल, कधी, किती वेळ, आणि दिलं की नाही हे कुणी बघायचं? तुमचा मुलगा कानावर हात ठेवतो म्हणता, म्हणजे त्याला आवाज सोसत नाही, मग लिहायचं असं की परिपाठाला तो लाउडस्पीकरपासून लांब, मागच्या दाराजवळ उभा राहील, घंटेच्या आधी वर्गशिक्षिका त्याला खूण करतील, दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन येईल, दिवसाचं वेळापत्रक चित्रांत करून बाकाला चिकटवलेलं असेल, विशेष शिक्षक आठवड्यातून अमुक वेळा येतील, आणि सहा आठवड्यांनी अमुक तारखेला पुन्हा बसायचं. असलं लिहिलं की महिन्यानं विचारता येतं, चित्रं चिकटवली का? यालाच शिक्षक मंडळी आयईपी म्हणतात, वैयक्तिक शैक्षणिक योजना. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम १६ बघा, सरकारनं मान्यता दिलेल्या प्रत्येक शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करायची, वैयक्तिक मदत द्यायची आणि त्याची प्रगती तपासत राहायची असं त्यात आहे. कलमाचा नंबर पत्रात घाला, फार काही न बोलता परिणाम होतो.

शॅडो टीचरचं म्हणाल तर, आईबापानं पगार द्यावा असं या कायद्यात कुठंही नाहीये. विड्या वळणाऱ्या बाईला पाच आकडी पगार दे म्हणणं म्हणजे सरळ ‘निघ’ म्हणणं आहे, फक्त गोड भाषेत, असं माझं मत आहे आणि मी ते शाळेत पण बोलून दाखवते.

एवढं करूनही शाळा ऐकेना तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली लेखी तक्रार. इथं कुंभारीवाल्यांची नेहमी चूक होते, पत्ता सोलापूर म्हणून महापालिकेत जातात आणि तिथून हात हलवत परत येतात. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात येतं, तुमची शाळा पण तिकडचीच असेल तर तक्रार झेडपीत, प्राथमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं, आणि एक प्रत पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना. शाळा शहराच्या हद्दीत असेल तर महापालिकेच्या शिक्षण विभागात, प्रशासनाधिकाऱ्यांकडे. शाळा कुठल्या हद्दीत आहे ते बघायचं, आपलं घर नाही. तुमचं म्हणणं ऐकून घेऊन तीन महिन्यांत निकाल द्यायचा असं कायद्यात आहे. नाही पटला तर पुढचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. आणि दिव्यांग म्हणून भेदभाव झाला ही वेगळी तक्रार पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे करता येते, त्यांना साक्षीला बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. दोन्ही एकाच वेळी करायला बंदी नाही.

एक अडचण मात्र सांगून ठेवते. आपल्या सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू, गुजराती अशा भाषिक किंवा धार्मिक अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा भरपूर आहेत, आणि अशा शाळांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये ठरवलं. तुमच्या मुलाला आरटीईच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून प्रवेश मिळालाय म्हणजे तुमची शाळा त्यातली नसणार. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाची असेल तर कलम ३२ च्या मागे वेळ घालवू नका, दिव्यांग कायद्यावरूनच चला, तो त्यांनाही लागतो.

आमच्या घरात तेलुगूच बोलतात. मुलगी मराठी शाळेत तिसरीला आहे. वाचता येत नाही म्हणून शाळेनं तपासायला लावलं, तिथं बौद्धिक अक्षमता ५० टक्के असं लिहून दिलं. आता हेडसर म्हणतात हिला विशेष शाळेत घाला, आमच्याकडे हिचं नुकसान होतंय. घरात तर ती सगळं करते, दुकानातून सामान आणते, सुट्टे पैसे बरोबर मोजून आणते. आम्हाला पटत नाही पण डॉक्टरांनी लिहिलंय म्हणल्यावर काय बोलणार?
– एक वडील, अशोक चौक

बोलायचं की. डॉक्टरांनी लिहिलेल्या दाखल्यावरही अपील असतं, दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ मध्ये तशी सोय आहे, पण त्याआधी रिपोर्ट नीट वाचा. दाखला वेगळा आणि रिपोर्ट वेगळा. दाखल्यावर नुसते टक्के असतात, रिपोर्टमध्ये कुठली चाचणी घेतली, किती मार्क पडले ते असतं. तो मागून घ्या, तुमचा हक्क आहे.

मग तीन गोष्टी बघा. चाचणी कुठल्या भाषेत घेतली? शब्दांशिवायची, म्हणजे ठोकळे, चित्रं, कोडी अशी चाचणी पण घेतली का? आणि घरची माहिती कुणी, कुठल्या भाषेत दिली? हे तिसरं जास्त महत्त्वाचं आहे. बौद्धिक अक्षमता ठरवताना मूल रोजच्या व्यवहारात काय काय करतं हे आईला विचारतात, स्वतः जेवतं का, एकटं दुकानात जातं का, पैसे कळतात का. सोलापूरच्या पूर्वभागात, जिथं तेलुगू घरं जास्त, मी स्वतः बघितलंय, आई तेलुगूतच विचार करणारी, समोरच्या मॅडम फाडफाड मराठीत विचारतायत, आणि आई घाबरून प्रत्येक प्रश्नाला मान हलवतीये. त्यात ‘जमत नाही ना तिला?’ असा उलटा प्रश्न आला तरी मान हलतीये. अशा मुलाखतीवरून आलेला आकडा किती खरा धरायचा?

तुम्ही आत्ता मला जे लिहिलंत, सामान आणते, सुट्टे मोजते, ते त्या रिपोर्टमध्ये आहे का बघा. नसेल तर सिव्हिलला दिव्यांग मंडळाकडे लेखी अर्ज द्या की घरची भाषा तेलुगू आहे, चाचणीच्या वेळी दुभाषा नव्हता, तेलुगू येणाऱ्या माणसासमोर पुन्हा तपासणी व्हावी, आणि अपील करायचं झालं तर ते कुणाच्या नावानं ते लेखी कळवावं. सोबत तुम्हीच दोन पानं जोडा, ती घरात काय काय करते ते तारखेनिशी. शेजारी, दुकानदार यांच्या सह्या असल्या तर आणखी बरं.

आणि वाचता न येणं हे लर्निंग डिसॅबिलिटीमुळेही, म्हणजे बुद्धी ठीक असून फक्त वाचणं-लिहिणं किंवा गणित अडतं त्यामुळेही, असू शकतं, किंवा नुसतं पहिली-दुसरीत मराठी पुरेसं कानावर न पडल्यामुळेही. लर्निंग डिसॅबिलिटीचा दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच देतात, तर मुलगी त्या वयाला आली असेल तर तीही तपासणी मागा. माझं म्हणणं असं नाही की डॉक्टर चुकलेतच. कदाचित ५० टक्केच निघेल पुन्हा. पण मग निदान तिच्या भाषेत तपासून निघालेलं असेल.

हेडसरांचं सांगते. दिव्यांगत्व ४० टक्के आणि त्याहून जास्त असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येतं, हे त्याच दिव्यांग कायद्याचं कलम ३१. पसंती मुलाची आणि घरच्यांची, मुख्याध्यापकांची नाही. विशेष शाळा वाईट नसतात, काही लेकरं तिथं खरंच फुलतात, पण ते तुम्ही जाऊन बघून ठरवायचं. तोपर्यंत तिचं नाव पटावर आहे आणि राहणार.

मी मोहोळ तालुक्यात झेडपीच्या शाळेवर शिक्षिका आहे. तुमच्या सदरात नेहमी शाळाच दोषी असते म्हणून लिहिते. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, त्यात पोषण आहार, ऑनलाइन माहित्या, बीएलओचं म्हणजे मतदार याद्यांचं काम. माझ्याकडे दोन दिव्यांग मुलं आहेत, एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला सेरेब्रल पाल्सी (सीपी), हातपाय नीट वळत नाहीत. विशेष शिक्षक महिन्यातून कधीतरी येतात कारण त्यांच्याकडे पण खंडीभर शाळा आहेत. पालक मला विचारतात योजना कुठाय. कुठून आणू?

मॅडम, तुमचं पत्र वाचून जरा गप्पच बसले. खरंय तुमचं.

पण हाच मुद्दा सुप्रीम कोर्टासमोर गेला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये कोर्टानं सांगितलं की पहिली ते पाचवीपर्यंत दर १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे दर १५ मुलांमागे एक, आणि ही पदं कायमची हवीत, कंत्राटी नकोत. मार्च २०२५ मध्ये पुन्हा राज्यांना झापलं की पदं मंजूर करा, जाहिरात काढा. आपल्याकडे खेड्यात दहा मुलं एका शाळेत नसतात, दोन इथं, एक तिथं, म्हणून आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं त्याचा हिशेब करून शिक्षक फिरता ठेवायचा असतो, आणि फिरता ठेवला की तो फिरतच राहतो, शिकवायला वेळ उरत नाही. त्याचा दोष तुमच्या माथी मारायचं काही कारण नाही.

तुमच्या हातात जे आहे ते म्हणजे मागणीपत्र. ‘माझ्या वर्गात अमुक दोन विद्यार्थी, विशेष शिक्षकांच्या भेटी गेल्या तिमाहीत इतक्या, गरज इतक्या, श्रवणयंत्राची बॅटरी संपून अमुक दिवस झाले’ असं दर तिमाहीला मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. पालकांनी तक्रार केली तर तुमचं पत्र त्याच फाइलमध्ये निघतं आणि मग प्रश्न ‘बाई शिकवत नाहीत’ असा राहत नाही, ‘तालुक्यानं माणूस दिला नाही’ असा होतो. पालकांना हे उघड सांगा, ते तुमच्या विरुद्ध नाहीत. आणि योजना वीस कलमी करू नका, तीन गोष्टी लिहा. ज्याला ऐकू येत नाही तो पहिल्या बाकावर, तुमचं तोंड दिसेल असा, फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. सीपीवाल्याला लिहायला दुप्पट वेळ किंवा तोंडी उत्तर. तिसरी तुम्ही ठरवा, तुम्ही त्यांना रोज बघता.

मुलीच्या दाखल्यावर २५ टक्के आलेत. शाळा म्हणते ४० च्या खाली काहीच मिळत नाही. खरं आहे का?
– पंढरपूर

अर्धं. मोफत शिक्षणाचं कलम ३१, पुढे कॉलेजात ५ टक्के आरक्षण, यांना ४० लागतात. पण वर्गात मदत, बसायची सोय, भेदभाव न करणं हे कलम १६ मधलं सगळं ४० खालच्या मुलांनाही आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये यूपीएससीच्या एका उमेदवाराच्या केसमध्ये, त्याचा लिहिताना हात आखडायचा, सुप्रीम कोर्टानं स्पष्ट सांगितलं की लेखनिक नाकारायला ४० टक्क्यांची अट पुढे करता येणार नाही. शाळेला सांगा, ‘काहीच मिळत नाही’ एवढं लेटरहेडवर द्या.

माझे जावई कामानिमित्त इंग्लंडला असतात, मुलगी आणि सहा वर्षांचा नातू पण तिकडेच. नातू उशिरा बोलायला लागला, वर्गात कुणात मिसळत नाही. मुलीनं तिथल्या कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या कचेरीकडे, ईएचसीपी की काय त्याच्यासाठी तपासणी करा म्हणून अर्ज केला, त्यांनी नाकारला. म्हणतात घरात मराठी बोलता म्हणून असं होतंय, इंग्लिश आलं की सुधारेल. मुलगी घाबरलीये, भांडलो तर व्हिसाला त्रास होईल म्हणते. तुमचं सदर मी तिला फोटो काढून पाठवतो, म्हणून विचारतोय.
– एक आजोबा, जुळे सोलापूर

काका, तिकडची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे आणि एका बाबतीत चांगली आहे. तिथं मुलाच्या गरजा आणि मदत लिहिलेला तो प्लॅन कायद्यानं बांधील असतो, एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन, २०१४ च्या कायद्यातला, गरज असेल तर वयाच्या २५ पर्यंत चालतो. त्यात जी शिक्षणाची मदत लिहिली ती कौन्सिलला द्यावीच लागते, पैसे नाहीत म्हणून सुटका नाही. हे सगळं इंग्लंडपुरतं बरं का, स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम निराळे आहेत.

अर्ज केल्यापासून सहा आठवड्यांत तपासणी करणार की नाही ते सांगायचं असतं, आणि सगळं मिळून प्लॅन हातात यायला वीस आठवडे. नाही म्हणाले तर त्या नकाराच्या पत्रातच अपिलाचा हक्क लिहिलेला असतो. मुलीला म्हणावं पत्रावरची तारीख बघ. त्या तारखेपासून दोन महिने, किंवा मेडिएशनचं सर्टिफिकेट मिळाल्यापासून एक महिना, यातलं जे उशिरा येईल तोपर्यंत ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा वादांसाठीच्या न्यायाधिकरणाकडे, अपील करता येतं. मेडिएशन म्हणजे मध्यस्थासमोर बोलणी. अपिलाआधी मेडिएशनच्या सल्लागाराला फोन करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं, पण प्रत्यक्ष बोलणीला बसायचं की नाही हे तिच्यावर आहे. ट्रायब्युनलला फी नाही आणि वकील असलाच पाहिजे असंही नाही, बरेच आईबाप स्वतःच उभे राहतात.

मुद्द्याचं सांगते. या पायरीवर, मुलाला विशेष गरज आहे हे पूर्ण सिद्ध करायचं नसतं. गरज आहे किंवा असू शकते, आणि प्लॅनमधून मदत द्यावी लागू शकते, एवढं दाखवलं की तपासणी करणं भाग आहे. पट्टी एवढी खाली आहे, आणि कौन्सिलं बऱ्याचदा ती वर करून सांगतात. मराठीचं जे कारण दिलंय, त्याच कायद्यात लिहिलंय की घरची भाषा वेगळी आहे एवढ्यावरून मुलाला विशेष गरज आहे असं धरायचं नाही. पण त्याचा अर्थ असा नाही की घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला ऑटिझम किंवा भाषेचा त्रास असूच शकत नाही. मुलीनं लिहावं की तो मराठीतही उशिरा बोलला, मराठीतही नजर देत नाही, आजोबांशी व्हिडिओ कॉलवरही पाठ केलेली वाक्यंच म्हणतो. खरं असेल तेवढंच. यात तुम्हीच साक्षीदार आहात की काका, तुम्ही मराठीत एक पान लिहा, ती भाषांतर करून जोडेल. त्या गरजा दोन्ही भाषांत दिसतात हे कळलं की ‘इंग्लिश आलं की सुधारेल’ हा मुद्दा गळतो.

व्हिसाचं, तिथं शाळेचं शिक्षण आणि त्यातली ही मदत सरकारी भत्त्यांत मोजत नाहीत, तेव्हा व्हिसावर सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत अशी जी ‘पब्लिक फंड्स’ची अट असते तिची भीती नको. प्रत्येक कौन्सिलच्या भागात सेंडियास नावाची फुकट सल्ला सेवा असते, फोनवर समजावतात, फॉर्म भरताना मदत करतात, मीटिंगलाही बऱ्याचदा सोबत येतात. इप्सिया नावाची संस्था पण कायद्याचा फुकट सल्ला देते. आपल्याकडे अशी हक्काची सेवा प्रत्येक जिल्ह्यात असती तर मला हे सदर लिहावं लागलं नसतं, आणि मी खुशीनं रेसिप्या लिहिल्या असत्या.

मी दहावीत आहे. मला लर्निंग डिसॅबिलिटी आहे, चौथीत असताना दाखला काढलाय. पेपरला जास्त वेळ मिळतो असं ऐकलं. सर म्हणतात आता कशाला, पास होशील.
– बार्शी

बाळा, सर प्रेमानं म्हणत असतील पण वेळ हा तुझा हक्क आहे. केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा. लेखनिकही मागता येतो. फक्त तुझ्या दाखल्यात एक गोची आहे. चौथीतला दाखला दहावीत चालेलच असं नाही, कारण लर्निंग डिसॅबिलिटीची तपासणी १४ व्या वर्षी पुन्हा करायची असते आणि मग १८ व्या वर्षी, तो शेवटचा दाखला कायमचा. तू १४ चा झालास की नाही ते बघ, झाला असशील तर आधी दिव्यांग दाखल्याच्या सरकारी पोर्टलवर नवीन अर्ज, कारण जून २०२१ पासून दाखले ऑनलाइनच निघतात. दिव्यांग नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर दाखला द्यायला तीन महिने मुदत आहे, तेव्हा परीक्षेच्या तोंडावर धावपळ करून भागत नाही.

सवलतीचा प्रस्ताव तू स्वतः बोर्डाला पाठवत नाहीस, शाळा पाठवते, पुणे विभागीय मंडळाकडे, सोलापूर जिल्हा त्यांच्याकडेच येतो. आईबाबांना म्हण उद्याच मुख्याध्यापकांना पत्र द्या, दाखला निघायचा असेल तर अर्जाची पावती जोडा. लेखनिक घेणार असशील तर त्याच्याबरोबर आधी चार पेपर लिहून बघ. सांगून लिहून घेणं वेगळंच असतं, गणितात तर फार. नववीतली मुलं हे वाचत असतील तर त्यांनी या वर्षीच सुरुवात करावी.

वकील लावू का?
– नाव नको

लगेच नको. वर सांगितलेल्या तक्रारींना वकील लागत नाही. शाळेनं पत्र घेतलं नाही, झेडपीनं तीन महिन्यांत काही कळवलं नाही, तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका की माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या तक्रारीवर काय कार्यवाही झाली, कुणाच्या टेबलावर किती दिवस होती. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. या एका प्रश्नानं फाइल हलते हे मी बघितलंय. महिन्याच्या पहिल्या सोमवारी कलेक्टर ऑफिसात लोकशाही दिन असतो, तिथंही जाता येतं, पण आधी खालच्या कचेरीत अर्ज केल्याची पोच लागते, आणि नाव आधी नोंदवावं लागतं. हे सगळं न करता थेट सोलापुरात आंदोलनं होतात त्या पूनम गेटसमोर उपोषणाला बसलेली माणसं मी बघितलीत, फोटो येतो पेपरात, साहेब निवेदन घेतात, आणि फाइलच नसल्यामुळं पुढं काही होत नाही.

कोर्टाची वेळ आलीच तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बायका, मुलं आणि दिव्यांग यांना तिथं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. फोन १५१०० ला करा. जाताना रेशन कार्ड, दाखला आणि पोच असलेली सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावून न्या, सुट्टी कागदं पिशवीत कोंबून नको, तिथला वकील आधी तारखाच विचारतो.